दिव्याचे तेल

वाचकहो, मुख्याध्यापकाने आपल्या विषयाबाहेरच्या तासावर जाऊ नये, गेल्यास फार बोलू नये, आणि बोलल्यास मुलांना प्रश्न विचारू देऊ नयेत, असा धडा गेल्या महिन्यात आम्हांस मिळाला. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या आणि नववीचा तास मोकळा होता. फळ्यावर 'ऊर्जेची साधने' हा धडा अर्धा राहिला होता, तो आम्ही पुढे रेटला. खनिज तेल आज ना उद्या संपणार, ते जाळून हवाही तापते. परंतु सूर्य आहे, वारा आहे, गाड्या विजेवर धावू लागल्या आहेत, तेव्हा चिंतेचे कारण नाही, असे आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले. तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"सर, गाडी विजेवर चालेल. पण बादली कशाची करणार?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. तो मुलगा मात्र हसला नाही. त्याचे वडील कोयलीच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे फिटर आहेत, हे आम्हांस ठाऊक होते. त्याने दुसरा प्रश्न जरा खालच्या आवाजात विचारला, "आणि पेट्रोल कुणाला नकोच झालं, तर बाबांचं काम राहील का?"

इतक्यात घंटा झाली आणि आम्ही सुटलो. सुटलो असे तेव्हा वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमाटीबागेत फिरावयास गेलो असता आमचे एक स्नेही भेटले. पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात तीस वर्षे नोकरी करून ते आता निवृत्त झाले आहेत. त्यांना हा प्रसंग सांगितला. ते थांबले आणि म्हणाले, "मास्तर, मुलानं तुम्हांला बरोबर पकडलं. तुम्ही सगळे तेलाकडे इंधन म्हणूनच पाहता. घरी जा आणि तेल कुठे कुठे आहे ते एकदा मोजून पाहा."

घरी येऊन आम्ही मोजावयास बसलो. दात घासण्याचा ब्रश, न्हाणीघरातील बादली व तांब्या, वाळत घालण्याची नायलॉनची दोरी आणि तीवरचे टेरिकॉटचे सदरे, गादीतील फोम, भिंतीतील नळ, विजेची बटणे, चश्म्याची काच, डोकेदुखीवरची गोळी, अशी यादी लांबत चालली. धुण्याच्या पुडीपाशी आम्ही अडखळलो, कारण पूड तेलाची असेल असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. रॉकेलच्या एका अंशाचा बेंझीनशी संयोग करून या पुडीचा मुख्य घटक बनवितात, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल २००४ सालापासून आपल्या कोयलीतच तयार होतो. यादी पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "आता तुळशीकडे जा, तेवढी सुटली असेल." आम्ही गेलो. तुळस सुटली होती. कुंडी सुटली नव्हती.

बडोद्याच्या मराठी मंडळींना हा विषय परका वाटू नये. १९६० साली अंकलेश्वरला तेल सापडले, आणि १९६५ साली सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने कोयलीची रिफायनरी सुरू झाली. १९६९ साली 'इंडियन पेट्रोकेमिकल्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली व शेजारीच तिचा कारखाना उभा राहिला. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर येथील कितीतरी घरांतून पुढची तीस वर्षे कुणी ना कुणी सायकलीवर, मग स्कूटरवर, मग कंपनीच्या बसमधून त्या दिशेला जात असे. २००२ साली त्या कंपनीची सूत्रे खासगी उद्योगसमूहाकडे गेली, हेही आपण पाहिले. ज्या तेलाने आपल्यापैकी अनेकांची घरे बांधली व मुलांची लग्ने केली, त्या तेलाचे तेथे काय होते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

आमच्या स्नेह्यांनी ते आम्हांस असे समजावून दिले. जमिनीतून निघणारे कच्चे तेल हे एक द्रव्य नव्हे. लहानमोठ्या शेकडो द्रव्यांची ती खिचडी आहे. रिफायनरीतील उंच मनोऱ्यात ते तापवून त्याचे ऊर्ध्वपातन करतात, तेव्हा हलके वर व जड खाली असे थर वेगळे होतात. पेट्रोलच्या आगेमागे जो एक हलका भाग निघतो त्याला नॅफ्था म्हणतात. हा नॅफ्था वाफेबरोबर आठशे अंशांहून अधिक तापलेल्या नळ्यांतून क्षणार्धात पार करवितात. त्या धगीत त्याचे रेणू तुटतात आणि इथिलीन, प्रॉपिलीन, ब्युटाडाइन, बेंझीन अशी लहान द्रव्ये हाती येतात. शंभर किलो नॅफ्थामागे तीसेक किलो इथिलीन व त्याच्या निम्मे प्रॉपिलीन, असा साधारण हिशेब असतो. इथिलीनचे रेणू एकापुढे एक गुंफले की पॉलिथिन होते, प्रॉपिलीनचे गुंफले की पॉलिप्रॉपिलीन. ब्युटाडाइनपासून रबर, आणि बेंझीनपासून रंग, औषधे व धुण्याची पूड. कारखाना म्हणजे दुसरे काय? मोठे मोडून लहान करावयाचे, आणि लहान जोडून हवे ते घडवावयाचे.

जगातील खनिज तेलापैकी सुमारे आठवा हिस्सा अशा रीतीने वस्तू घडविण्याकडे जातो. उरलेले बहुतेक सारे आपण जाळतो.

आता कुणास वाटेल की, तेलाआधी या वस्तू नव्हत्याच. तसे नाही. आमच्या लहानपणी घरात ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या होत्या. त्या लाखेच्या, म्हणजे पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरील किड्याने दिलेल्या राळेच्या. सिनेमाची पहिली फीत व जुन्या फण्या सेल्युलॉइडच्या. ते कापूस आणि कापूर यांचे अपत्य. आजीचे केस रिठ्या-शिकेकाईने धुतले जात. आणि खुद्द बडोद्याचा रसायनांशी संबंध जडला तो तेलामुळे नव्हे. महाराज सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले तेव्हा त्याची धुरा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. रंगांच्या रसायनशास्त्रात या गृहस्थांचा हातखंडा. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास चापेकरांनी डांबर फासले, तेव्हा ते काढावयास अखेर गज्जरांनाच पाचारण करावे लागले! याच गज्जरांनी आपले शिष्य कोटीभास्कर व अमीन यांच्यासह १९०७ साली अलेंबिक कंपनी काढली. तिचा आरंभीचा माल होता मद्यार्क आणि त्यात केलेली औषधी अर्के. मद्यार्क म्हणजे साखर आंबवून मिळणारा पदार्थ. तो शेतातून येतो, विहिरीतून नव्हे.

पुढची गोष्ट याहून नवलाची आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात प्लॅस्टिक व कृत्रिम रबर प्रथम झाले ते तेलापासून नव्हे, मळीपासून. साखर कारखान्यातून साखर काढून घेतल्यावर जो काळा चिकट द्रव उरतो ती मळी. ती आंबवली की मद्यार्क मिळतो. मद्यार्कातून पाण्याचा अंश काढून घेतला की इथिलीन. बंगालमधील रिशरा येथे १९५९ च्या सुमारास या इथिलीनचे पॉलिथिन होऊ लागले, आणि १९६३ साली बरेलीजवळ मद्यार्कापासून ब्युटाडाइन करून कृत्रिम रबराचा कारखाना सुरू झाला. नंतर तुर्भे, ठाणे-बेलापूर आणि आपले बडोदे येथे नॅफ्था फोडण्याचे कारखाने उभे राहिले. तेल स्वस्त होते, कारखाना मोठा होता, आणि मळीचा मार्ग मागे पडला. तो साफ बुजला मात्र नाही. उत्तराखंडातील काशीपूरला मद्यार्कापासून ग्लायकोल आजही होते. पॉलिएस्टरच्या धाग्याला व बाटलीला ते लागते. ब्राझीलमध्ये तर २०१० साली उसाच्या मद्यार्कापासून वर्षाला दोन लाख टन पॉलिथिन करणारा कारखाना उघडला. ते पॉलिथिन आणि तेलाचे पॉलिथिन यांत गुणाने काडीचाही फरक नाही. रेणूला आपले माहेर आठवत नाही.

हे ऐकून आमचा उत्साह वाढला. बादलीचा प्रश्न सुटला, ऊस लावला की झाले! पण स्नेह्यांनी खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. टनभर उसाच्या रसातून सुमारे सत्तर लिटर मद्यार्क निघतो. एक टन इथिलीनला दोन हजार लिटरांहून अधिक मद्यार्क लागतो, म्हणजे तीस टनांच्या आसपास ऊस. आपल्याकडे एकरी तीस-पस्तीस टन ऊस होतो. सबब, एक एकर वर्षभर उसाखाली ठेवावा तेव्हा एक टन पॉलिथिन पदरात पडावे. जगात वर्षाला चाळीस कोटी टनांहून अधिक प्लॅस्टिक तयार होते. ते सगळे असेच करावयाचे म्हटले तर चाळीस कोटी एकर, म्हणजे सोळा कोटी हेक्टर जमीन लागेल. आणि भारतातील एकूण पेरणीची जमीनच चौदा कोटी हेक्टरांच्या आसपास आहे. सारा देश उसाखाली घातला तरी बादल्या पुरणार नाहीत, आणि त्या बादल्यांत भरावयास पाणी उरणार नाही ते निराळेच.

झाडापासून आले म्हणजे निर्दोष, असेही समजू नये. फेसाळणाऱ्या शाम्पूतील काही द्रव्ये पामच्या तेलापासून करतात. त्या पामसाठी इंडोनेशिया-मलेशियात केवढी जंगले तुटली ते जग जाणते. दह्याला ज्याने आंबटपणा येतो त्या लॅक्टिक आम्लापासून एक प्लॅस्टिक निघाले आहे, ते मक्याच्या किंवा उसाच्या साखरेतून होते. परंतु ते कुजावयास खताच्या मोठ्या कारखान्याची ऊब लागते. आपल्या गल्लीच्या गटारात टाकले तर तेही इतरांसारखेच पडून राहते.

मग उपाय कोणता? येथे आम्हांस आमच्या मातोश्रींची आठवण झाली. रविवारी पहाटे सुंठीच्या काढ्यातून त्या आम्हां भावंडांना एरंडेल पाजीत, आणि तोंड वाकडे करणाऱ्यास दुसरा चमचा मिळे. एरंडाविषयी मराठी भाषेनेही फारसे बरे बोललेले नाही. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात. आणि निष्फळ चऱ्हाटाला तर एरंडाचे गुऱ्हाळ असे नावच पडले आहे. उसाचे गुऱ्हाळ लावले तर रस निघेल. एरंडाची कांडे चरकात घालून काय निघणार?

पण वाचकहो, म्हणी करणाऱ्याने कांडे पाहिली, बी पाहिले नाही. एरंडाच्या बियांत निम्म्याच्या जवळपास तेल असते, आणि त्या तेलाचा बहुतेक भाग एका अशा आम्लाचा असतो की, ज्याच्या लांब साखळीच्या मध्यावर एक खुंटी निसर्गानेच ठोकून ठेवली आहे. इतर तेलांत ती नसते. त्या खुंटीमुळे साखळी हव्या त्या ठिकाणी तोडता येते. दहा कार्बनांचे सेबॅसिक आम्ल करा, नाहीतर अकरा कार्बनांच्या तुकड्यापासून नायलॉन-११ करा. हे नायलॉन फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्याला निघाले. ट्रकच्या हवेच्या ब्रेकला आणि इंधनाला ज्या नळ्या लागतात त्या याच्या करतात. म्हणजे महामार्गावर आपल्या शेजारून जाणारा ट्रक थांबतो तो कदाचित एरंडाच्या भरवशावर!

आणि हा एरंड येतो कोठून? जगातील एरंडीपैकी ऐंशी टक्क्यांच्या वर भारतात पिकते, आणि भारतातील बहुतांश आपल्या गुजराथेत. मेहसाणा, पाटण, बनासकांठा, कच्छ येथे. झाड उन्हाला दाद देत नाही, त्याला गुरे तोंड लावीत नाहीत. पेंड विषारी, ती खत म्हणून शेतात जाते. माणसाच्या ताटातले काही हिसकावून घेणारे हे पीक नव्हे. दुःख इतकेच की, पुष्कळसे तेल तेलाच्याच रूपाने परदेशी जाते, आणि त्याचे मोलाचे पदार्थ तिकडे होतात.

एरंडेलानेही सगळ्या बादल्या होणार नाहीत, हे येथेच सांगितले पाहिजे. जगातील सारे एरंडेल दहा लाख टनांच्या घरात. म्हणजे चारशे बादल्यांमागे जेमतेम एक. परंतु आम्ही एरंडाची कथा लावली ती संख्येसाठी नव्हे, नावासाठी. गुजराथीत या तेलाला दिवेल म्हणतात. दिव्याचे तेल ते दिवेल. शेकडो वर्षे लोकांनी हे तेल समईत जाळले, म्हणून ते नाव पडले. आज ते कुणी जाळील काय? ज्यापासून नायलॉन होते ते तेल वातीला लावणे कुणाला परवडेल? खनिज तेलसुद्धा जगात प्रथम आले ते दिव्यासाठीच, रॉकेल म्हणून. दिवा गेला, पण जाळण्याची सवय गेली नाही; कंदिलातून ते इंजिनात गेले एवढेच. एरंडेल वातीवरून कारखान्यात पोहोचले. खनिज तेलाचा सात-आठवा भाग अजून वातीवरच आहे.

आमच्या समजुतीप्रमाणे साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. उजेड, उष्णता व गती यांना पर्याय पुष्कळ आहेत. वाऱ्याने पंखा फिरतो, उन्हाने दिवा लागतो. परंतु वाऱ्यातून बादली निघत नाही. वस्तूला द्रव्य लागते, आणि या वस्तूंचे द्रव्य म्हणजे कार्बन. तो मिळण्याच्या जागा मोजक्या. जमिनीच्या पोटातून, शेतातून, एकदा वापरून टाकलेल्या वस्तूतून, किंवा हवेतून. आणि हवेतून काढणे अजून फार महाग, झाडाला तेवढे ते फुकट साधते. ज्याला पर्याय आहे तेथे तेल जाळावे आणि ज्याला पर्याय थोडा त्यासाठी काही उरू नये, हा चंदनाचे कोळसे करून विकणाऱ्या लाकूडतोड्याचा व्यवहार झाला. आणि नवल पाहा, मद्यार्काच्या बाबतीतही आपण तेच करू लागलो आहोत. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के मद्यार्क मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. ऊस, मका, तांदूळ यांपासून काढलेला तो मद्यार्क इंजिनात जळतो. त्याने तेलाची आयात थोडी कमी होत असेल, ती गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण बादली होऊ शकणारे द्रव्य आपण शेतातून काढूनही पुन्हा वातीवरच ठेवले, हेही खरे. त्यापेक्षा पानिपतला २०२२ साली भाताच्या पेंढ्यापासून मद्यार्क करण्याचा कारखाना देशास अर्पण झाला, ती दिशा आम्हांस अधिक पटते. पेंढा शेतातच जळत असे.

आता राहिला मुलाचा दुसरा प्रश्न. तो बादलीहून जड आहे. येथे इतिहास आपल्याला सावध करतो. १८९७ साली जर्मनीत कारखान्यातील नीळ बाजारात आली, आणि आपल्याकडील निळीचा धंदा बघता बघता बसला. बसताना त्याचा भार कुणावर पडला? चंपारणच्या मळेवाल्यांनी तो रयतेवर ढकलला. सारा वाढविला, आणि १९१७ साली गांधीजींना तेथे जावे लागले. द्रव्य बदलते तेव्हा वरची माणसे आपला मार्ग काढतात; खालच्याला कुणी आधी विचारीत नाही. त्या वेळी शेताकडून कारखान्याकडे जाताना शेतकरी चिरडला. आता तेलाकडून शेताकडे जाताना फिटर चिरडला जाऊ नये, एवढे तरी आपण शिकलो असलो पाहिजे.

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा नववीवर गेलो. या वेळी बाईंची परवानगी काढून. त्या मुलास उभे केले आणि सांगितले, "बाळ, मागच्या वेळी आम्ही तुला उत्तर दिलं नाही, कारण आम्हांला ते येत नव्हतं." बादली राहील, पण इतकी स्वस्त व इतकी पुष्कळ राहू नये, मोडली की पुन्हा वितळवून दुसरी करावी लागेल, काही तेलाची, काही उसाची, काही नळ्या एरंडाच्या. वडिलांच्या कामाविषयी आम्ही त्याला खात्री दिली नाही. खोटी खात्री देणे शिक्षकास शोभत नाही. एवढेच म्हटले की, नळी, व्हॉल्व्ह, फ्लँज नि गॅस्केट हे मद्यार्काच्या कारखान्यात तेच आणि एरंडेलाच्या कारखान्यातही तेच. हाताला येणारी विद्या तेलाबरोबर संपत नाही. मात्र असे कारखाने येथे, आपल्या मुलखात निघाले पाहिजेत, आणि ते काढणारी माणसे तुमच्यातूनच व्हावयास हवीत. मग दिवेलाची कथा सांगितली.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, दिवेल आता कुणी जाळत नाही, कारण परवडत नाही. मग पेट्रोल जाळायला कसं परवडतं?"

या वेळी घंटा आमच्या मदतीस आली नाही. तासाची वीस मिनिटे अद्याप बाकी होती.